काटा

सोमवार पेठेतल्या इंदुबाई शेलार
आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात.
डिसेंबर सरत आला की दुपारी दोनलाच निघतात,
घरी परात शेगडीवर चढायची असते.

इकडे पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर,
वाफा ओढणाऱ्या कपाटात मी पॉलिमर विरघळवते:
दह्यातल्या आंबटाच्या लांबच लांब माळा,
वेताळ टेकडी चढताना पोटऱ्यांत जे साचतं, तेच,
कडीला कडी जोडलेलं, पांढरं, मुकं.
ते द्रावकात. द्रावक पाण्यात.
आणि पाण्यात आधीच कालवलेलं हाडांचं खनिज,
इतकं बारीक की गढूळपणा दिसतो, कण दिसत नाही.

साबण घालायचा नाही. सगळी अट हीच.
साबणानं गोळे देखणे होतात,
पण पेशी त्यांच्यावर पाय ठेवायला कचरतात.
म्हणून तेलापाण्याच्या मधल्या रेघेवर
कणांनीच ठाण मांडायचं,
धड ना ह्यांचे, धड ना त्यांचे,
उंबऱ्यात बसलेल्या माणसासारखे,
जो उठत नाही म्हणून भांडण आत येत नाही.

पहिले सहा घाणे वाया गेले.
एकात गोळे एकमेकांना चिकटले.
एकात खनिज तळाशी, आणि गोळे उघडेबोडके.
सहावा बरा चालला होता, पण तो गुरुवार होता
आणि गुरुवारी आमच्याकडे वीज जाते.
ढवळणी थांबली. वीज आली तेव्हा चंचुपात्रात
दाढेएवढा एकच खडा.
फडतरे मॅडम म्हणाल्या, "वहीत लिही. फसलेलं आधी लिही."

इंदुबाईंनी तो खरवडून काढला, उजेडात धरला.
"कशाचा पाक होता?"
सांगितलं, जमेल तसं.
तर म्हणाल्या, तीळ तापावेत, करपू नयेत.
पाक चमचाभर. मग बोटं. बोटं थांबली की ढेकूळ.
पहिला चमचा वाळल्याशिवाय दुसरा नाही.
घाईच्या हलव्याला काटा येत नाही, नुसता गोल होतो,
"आणि गोल काय, साबुदाणापण असतो."

दरवर्षी आठ-दहा नव्या सुना
त्यांनी केलेला हार काळ्या साडीवर मिरवतात.
त्यांच्या बोटांना मात्र ठसे उरलेले नाहीत.
दारावरचं हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नाही,
त्या रोज वहीत सही करतात.

त्यांचं ऐकून मी प्रयोग बदलला, असं काही नाही.
पाण्याची आम्लता बदलली, ढवळणी मंद केली,
द्रावक भसकन न ओतता सुईनं सोडला, बावीस मिनिटं.
हे आधीच कुठेतरी छापलेलं होतं,
मीच वाचून पान उलटलं होतं.
वार मंगळवार निवडला.
रात्रभर द्रावक उडत राहिला, बाहेर मोर केकाटत राहिले,
आणि मी स्टुलावर, स्वेटरमध्ये हात कोंबून.

सकाळी, सोन्याचा मुलामा चढवून, सूक्ष्मदर्शकाखाली
पाचशे पट: सांडलेले वाटाणे.
वीस हजार पट:
काटा.

इंदुबाईंना बोलावून आणलं.
ओले हात पदराला पुसत
त्या पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.
"खाता येतो?"
नाही.
"मग कुणाला?"
एखाद्याच्या जबड्यात पडलेल्या खड्ड्याला.
पेशी काट्याला धरून चढतील, हाड रचतील,
आतला गोळा वर्ष-दीड वर्षात विरून जाईल.
म्हणजे असं व्हावं. अजून उंदरापर्यंतही गेलेलं नाही.
"म्हणजे शेवटी राहायचा नाहीच."
राहायचा नाहीच.
मान हलवली. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.
"ह्या अंगाला कमी आलाय."

खरंच होतं. मला दिसलं नव्हतं.

कुपीत चिमूटभर पांढरं, अकरा मिलीग्रॅम.
चिठ्ठीवर लिहिलं: घाणा सात.
तारीख. वजन.
एका अंगाला कमी.